गुलछडी गार होती, गिअरबॉक्स तापत होता

ऑटोमॅटिक गाड्या गावात यायला लागल्या तेव्हा कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या चहाच्या गाड्यावर माझं सांत्वन करण्याचा एक छोटा कार्यक्रम झाला होता. "दस्तगीर, आता गाडीला गिअरच न्हाईत म्हणं. तुझं कसं व्हायचं रं?" असं चौघांनी आळीपाळीनं विचारलं, चेहरे पाडले आणि चहा मात्र मलाच पाजायला लावला.

त्याला बरीच वर्षं झाली. मी अजून गिअरबॉक्सच खोलतोय. गिअर कुठं गेलेले नाहीत, ते आत सुखरूप आहेत. पूर्वी माणूस बदलायचा, आता गाडी आपली आपण बदलते, एवढाच फरक. पण हातात दांडा नसला की आमच्या माणसाला आपण गाडी चालवतोय असं वाटतच नाही. हायस्कुलातले एक सर नवी ऑटोमॅटिक घेऊन आले आणि म्हणाले, "गाडी मधेच धक्के देते." मी शेजारी बसलो. गाडी छान निघाली, वेग आला आणि सरांचा डावा पाय तीस वर्षांच्या सवयीनं क्लच शोधायला गेला. क्लच नव्हताच. तिथं ब्रेकचं रुंद पायडल होतं. सरांनी ते क्लचसारखं तळापर्यंत दाबलं आणि मी काचेला जाऊन टेकलो. मागं त्यांच्या मिसेस बसल्या होत्या. त्यांनी दोन्ही हातांनी पुढची सीट आधीच घट्ट धरून ठेवली होती. गाडीत काही बिघाड नव्हता. आता सर डावा पाय मुडपून मांडीखाली घेतात आणि गाडी चालवतात.

असल्या गोष्टी हसण्यावारी नेता येतात. उष्णता मात्र हसण्यावारी नेता येत नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स म्हातारा होऊन क्वचित मरतो, बहुतेक वेळा तापून मरतो, आणि मागं काहीतरी बांधून ओढताना तो सगळ्यात जास्त तापतो.

नवख्या माणसाला मी हे असं सांगतो. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा. एक चालू करा. त्याच्या वाऱ्यानं समोरचा बंद फॅनही हळूहळू फिरायला लागेल. आता वाऱ्याच्या जागी तेल भरा आणि दोन्ही फॅन एका डब्यात बंद करा. एक फॅन इंजिनाला जोडलेला, दुसरा चाकांकडं जाणाऱ्या गिअरना. इंजिनाचा जोर तेलातूनच पलीकडं जातो. गाडी मोकळी पळत असली की दोन्ही फॅन जवळपास बरोबरीनं फिरतात. पण मागं जड ट्रॉली बांधून गाडी रांगत न्यायची म्हटली की इंजिनाकडचा फॅन गरगरतो आणि पलीकडचा मागं राहतो. मग मधलं तेल नुसतं घुसळून निघतं आणि तापतं. ते गार करायला नळीतनं गाडीच्या नाकापाशी एका छोट्या जाळीत नेतात. तिथं वारा लागला की तेल गार होऊन परत येतं. त्या जाळीला आम्ही कूलर म्हणतो. चांगलं तेल डाळिंबाच्या रसासारखं लाल असतं. जळलं की काळं पडतं आणि त्याला गॅसवर विसरलेल्या कढईसारखा वास येतो.

एका मंडळानं गणपतीत अशाच नव्या ऑटोमॅटिक पिकअपला जनरेटरची ट्रॉली बांधून दिवसभर मिरवणुकीत ओढली. गाडी माझ्याकडं आली ती दोरीला बांधून. कार्यकर्ते म्हणाले, "मिस्त्री, पळवली असती तर समजलं असतं. माणसाच्या चालीनं न्हेली की. तरी कशी काय जळली?" हळू नेली म्हणूनच जळली, हे त्यांना काही केल्या पटेना. मी विचारलं, "रोज सकाळी पळता तेव्हा जास्ती दमता, का मिरवणुकीत?"

"मिरवणुकीत. पर तितं आमी नाचत असतोय की."

"गाडी बी आतल्या आत तेच करत हुती," मी म्हटलं. तेव्हा कुठं त्यांना पटलं.

आता माझ्या घरातली गोष्ट. माझी मुलगी रेश्मा ऑटोमोबाईलचा डिप्लोमा करून चार वर्षं पुण्यात नोकरीला होती. नंतर परत आली आणि माझ्याबरोबर गॅरेजात काम करायला लागली. तिच्याकडं स्कॅनर आहे. ती गाडीला वायर लावून पडद्यावर बघते आणि मी तेल बोटावर घेऊन हुंगतो. आमचं भांडण रोजचं आहे. गॅरेजच्या पाटीवर 'दस्तगीर मिस्त्री, गिअरबॉक्स स्पेशालिस्ट' असं माझं एकट्याचं नाव होतं. एक दिवस ती म्हणाली, "अब्बा, निम्मं काम मी करते. पाटीवर माझं नाव कधी?"

गॅरेजात चार गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर मी ऐटीत सांगून बसलो, "जो फॉल्ट मला घावला न्हाई आणि तुला घावला, त्या दिवशी."

असा दिवस उजाडायला अजून पुष्कळ अवकाश आहे, अशी माझी समजूत होती. दुसऱ्याच आठवड्यात बंडा गवळी पिकअप घेऊन आला.

बंडा गंगावेशीचा. त्याच्या गोठ्यात बारा म्हशी, पण बंडा बोलतो ते एकीबद्दलच. तिचं नाव गुलछडी आणि वजन सहाशे किलो. कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, दिवाळीच्या दिवसांत आमच्याकडं गवळी म्हशींना नटवून रस्त्यावर आणतात. शिंगांना मोरपिसं, अंगावर रंगानं काढलेली नक्षी, पायात चांदीचे पैंजण. मालक सायलेन्सर काढलेल्या फटफटीवर बसून पुढं धडधडत निघतो आणि त्या आवाजामागं म्हैस पळत सुटते. आजूबाजूला पन्नास फटफट्या असल्या तरी ती फक्त आपल्या मालकाच्या फटफटीमागं जाते. गुलछडीचे पैंजण बंडानं हुपरीहून करून आणले होते. फोनवर माप ऐकून तिथल्या कारागिरानं काळजीनं विचारलं होतं, "पावणं, नवरीच्या पायाला सूज हाय काय?"

लांबच्या स्पर्धांना चालवत नेलं तर गुलछडीचे खूर झिजतात, म्हणून बंडानं ऑटोमॅटिक पिकअप घेतली. पिकअपचा मागचा हौदा लहान. त्यात गुलछडी उभी राहिली असती, पण तिला वळता आलं नसतं, आणि तिला वळून मागचा रस्ता बघायची सवय. म्हणून मागं जोडायला खास ट्रॉली बांधून घेतली. वर छप्पर, आत पाण्याचं टाकं आणि दोन पंखे. बंडाच्या स्वयंपाकघरात एकही पंखा नाही, त्यामुळं त्या ट्रॉलीचा विषय त्याच्या घरात निघत नाही.

खरा प्रश्न त्याच्या सासऱ्यांचा होता. सासरे गारगोटीचे, जुने गवळी, सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांचं मत ठरलेलं होतं. "म्हैस मोटारीत घालून आणतोय त्यो गवळी न्हवं, डायवर." महिन्याभरात पिकअप तीनदा वाटेत तापली, बंडा तीन स्पर्धांना उशिरा पोचला आणि तिन्ही वेळा आबा मैदानाच्या दारातच उभे होते. आता दिवाळीची स्पर्धा खुद्द गारगोटीत होती. बंडा म्हणाला, "मामा, ह्या खेपंला गाडी तापली तर मी ती इकून टाकणार. आणि ट्रॉलीमागं तुमच्या गॅरेजचं नाव लिवलंय, त्यावर काळा रंग मारणार."

त्याचा डॅशबोर्डवरचा दिवा गिअरबॉक्सच्या तेलाचा होता. इंजिनाचा काटा अगदी जागेवर. मी तेल काढून हुंगलं. कढई. तेल बदललं, फिल्टर बदलला आणि बंडाला समोर बसवून सगळं शिकवलं. मागं वजन असताना गाडीला आपल्या मनानं गिअर बदलू द्यायचे नाहीत, नाहीतर ती वरखाली वरखाली करत बसते. खालचा गिअर हातानं धरून ठेवायचा. चढावर थांबायचं झालं तर ब्रेकवर थांबायचं, ॲक्सिलरेटर दाबून गाडी तोलायची नाही. दिवा लागलाच तर बाजूला घ्यायची, पार्कमध्ये टाकायची, हँडब्रेक ओढायचा, पण इंजिन लगेच बंद करायचं नाही. थोडं रेसवर ठेवायचं, म्हणजे पंप चालू राहतो आणि तेल कूलरमधून फिरत राहतं. बंडानं मान हलवली, आठवड्यानं गाडी पुन्हा तापवली आणि परत आला.

मग मी आणखी एक मोठा कूलर बसवला. तिसऱ्या खेपेला ठरवलं, स्वतः वजन ओढून बघायचं. पण गुलछडीला बंडानं चाचणीला सोडली नाही, तिचं दूध कमी होतं म्हणाला. मी शेजारच्या तालमीतले सहा पैलवान ट्रॉलीत बसवले. साधारण एक म्हैस भरते. बदल्यात प्रत्येकाला गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर धारोष्ण दूध कबूल केलं होतं, ते बंडानं पाजलं. पन्हाळ्याच्या चढाला आम्ही दोनदा वर गेलो आणि खाली आलो. पैलवानांनी ट्रॉलीतले दोन्ही पंखे चालू केले, आपसांत सवाल-जवाब केले आणि एकानं झोपही काढली. गिअरबॉक्स मात्र शेवटपर्यंत गार. मी बंडाला म्हटलं, "जा, काळजी करू नगंस." बंडा गेला आणि पुढच्याच जत्रेत गाडी तापली.

रेश्मानं मग एक छोटं यंत्र बंडाच्या गाडीत पंधरा दिवस लावून ठेवलं. त्यात प्रत्येक फेरीचं तापमान नोंदलं जातं आणि मोबाईलवर दिसतं. पंधरा दिवसांनी ती माझ्यासमोर मोबाईल घेऊन आली.

"अब्बा, एक गंमत बघा. गाडी कुठंही जाताना तापते. फक्त आपल्याकडं येताना तापत न्हाई. तीच ट्रॉली, तेच ऊन. वारा अडल्यासारखं वाटतंय. आपल्याकडं येताना बंडाकाका वेगळं काय करतात, ते एकदा विचारा."

गॅरेजात पुन्हा चार गिऱ्हाइकं होती. माझं नशीबच तसं आहे. मी म्हटलं, "वेगळं काय करतोय? माझ्या दारात यायचं म्हटल्यावर गिअरबॉक्सच्या पोटात भीतीचा गोळा येतोय." गिऱ्हाइकं हसली. रेश्मा हसली नाही. तिनं मोबाईल खिशात टाकला आणि कामाला लागली. त्या एका विनोदाची मला आजही लाज वाटते.

स्पर्धेच्या दिवशी बंडानं मला बरोबर चलाच म्हणून हट्ट धरला. सकाळी अकराला मी त्याच्या गोठ्यावर गेलो. गुलछडी ट्रॉलीत चढून बसली होती, मोरपिसं पंख्याच्या वाऱ्यावर हलत होती. पण मी बघत राहिलो ते पिकअपच्या तोंडाकडं. बंपरवर, वरची जाळी सोडून खालची सगळी रुंदी भरून, एक फ्लेक्स ताणून बांधला होता. मधोमध गुलछडी, वर 'हार्दिक शुभेच्छा', उजव्या अंगाला सगळ्यात मोठा आबांचा फोटो आणि खाली डावीकडं गॉगल घातलेला एक रुबाबदार इसम. तो मी होतो. बंडानं मागं कधीतरी माझा फोटो मागून घेतला होता, मी विसरूनही गेलो होतो. डिझाइनवाल्यानं माझे केस काळेभोर केले होते आणि मागं बर्फाचा डोंगर दिला होता.

"कधी लावलास रं ह्यो?" मी विचारलं.

"तीन म्हयनं झालं की. तुमच्याकडं येताना तेवढा सोडून ठेवतोय. गॅरेजात ऑइलाचे हात लागत्यात. आबांच्या तोंडाला डाग पडला तर मला घरात थारा न्हाई."

वाचकहो, फॉल्टनं स्वतःच्या तोंडानं आपलं नाव, गाव, पत्ता सांगितला होता. तीस-पस्तीस वर्षं गिअरबॉक्स हुंगलेला मी तिथं उभा होतो आणि मी काय म्हणालो असेन? "बरोबर करतोस. फोटो झक्कास आलाय." मग मी रेश्माला पाठवायला त्याचा एक फोटो काढला. निघायच्या गडबडीत तो पाठवायचा राहून गेला.

आम्ही निघालो. तासभर सगळं ठीक होतं. मग बिद्रीच्या साखर कारखान्याच्या अलीकडं उसाच्या गाड्यांची रांग लागली. हंगाम नुकताच सुरू झालेला. पुढं दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, मधे बैलगाड्या, आणि त्यांच्या मागं आमची वरात, माणसाच्या चालीनं. मिरवणुकीतला जनरेटर माझ्या डोळ्यांपुढं उभा राहिला. रेश्माचं यंत्र गाडीतच होतं. माझ्या मोबाईलवर आकडा वाढत चालला. एकशे दहा, एकशे वीस. एकशे अठ्ठावीसला दिवा लागला.

गाडी बाजूला घेतली. पार्क, हँडब्रेक, इंजिन थोडं रेसवर, सगळं माझ्या शिकवणीप्रमाणं. आता आकडा उतरायला हवा. उभ्या गाडीतही इंजिनाचा पंखा कूलरमधून वारा ओढत असतो. पण आकडा ढिम्म हलेना.

एव्हाना सल्लागार मंडळी जमली होती. एक ट्रॅक्टरवाला म्हणाला, "पाणी मारा." दुसरा म्हणाला, "इंजिन बंद करा, पावणं, कशाला तापवत बसलाय?" तिसऱ्यानं गाडीला दृष्ट लागल्याचं निदान केलं आणि मिरच्या आणायला माणूसही पाठवला. दीड वाजून गेला होता. चारला स्पर्धा. बंडा घड्याळाकडं बघत होता आणि मी त्याच्याकडं बघायचं टाळत होतो.

"वजन उतरवून बघू," मी म्हणालो. मला दुसरं काही सुचत नव्हतं.

गुलछडीला खाली उतरवलं. बंडानं ठरवलं, रांग संपेपर्यंत तिला चालवत न्यायची. पण गुलछडी पाऊल उचलेना. तिची फटफट तर आदल्या दिवशीच मेव्हण्याबरोबर गारगोटीला गेली होती. बंडानं हाका मारल्या, पेंड दाखवली, मी पिकअपचा हॉर्न वाजवला. ती रस्त्याच्या मधोमध उभी राहून मागचा रस्ता बघत होती. शेवटी बंडानं इकडंतिकडं पाहिलं, लुंगी खोचली, दोन्ही हात हँडलवर असल्यासारखे पुढं धरले आणि तोंडानं सुरू केलं, "धड... धड... धडधडधडधडधड."

गुलछडीचे कान उभे राहिले. बंडा पळत सुटला. गुलछडी पैंजण वाजवत त्याच्यामागं. उसाच्या ट्रॉल्यांवर बसलेली माणसं उठून उभी राहिली, कुणी शिट्टी मारली, बऱ्याच जणांनी मोबाईल काढले. खड्डा आला की बंडा आवाज खाली आणून तोंडानं गिअर बदलायचा आणि पलीकडं गेला की पुन्हा वाढवायचा. माझ्या सगळ्या ऑटोमॅटिक गिऱ्हाइकांत इतक्या वेळेवर गिअर बदलणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

ते दिसेनासे झाले आणि मी मोबाईलकडं पाहिलं. एकशे अठ्ठावीस. सहाशे किलो उतरले होते, गाडी उभी होती, तेल नवं होतं, कूलर दोन होते, आणि आकडा तिथंच. बंडाचं नाक सासऱ्यापुढं कापलं जाणार होतं आणि त्याला जबाबदार मी होतो. मी गुपचूप रेश्माला फोन लावला.

"व्हिडिओ चालू करा," ती म्हणाली. "आता गाडीच्या समोर जा. समोरनं दाखवा मला." मी समोर गेलो आणि मोबाईल हातभर लांब धरला. कॅमेरा माझ्याकडंच वळलेला होता, म्हणून गाडीकडं पाठ केली.

"अब्बा, तुम्ही दोन-दोन का दिसताय?"

"दोन कुठलं?"

"एक तुम्ही. आणि तुमच्या पाठीमागं एक गॉगल घातलेले तुम्ही."

मी वळून बघितलं. गॉगलवाला इसम बर्फाच्या डोंगरापुढं हसत होता. त्याच्या बरोबर मागं, हाताच्या अंतरावर, मी माझ्या हातानं बसवलेला कूलर होता. इंजिनाचं रेडिएटर वरच्या जाळीतून श्वास घेत होतं म्हणून त्याचा काटा जागेवर. गिअरबॉक्सच्या तोंडावर तीन महिने मी स्वतः बसलो होतो.

मग रेश्मा एवढंच म्हणाली, "काढा तो."

पण काढून कसं चालेल? गारगोटीत आबा दारात उभे राहणार, आणि गाडीवर आपला फोटो नाही बघितल्यावर बंडाचं उरलंसुरलं गवळीपण गेलं असतं. फ्लेक्स राहायला हवा होता आणि वाराही जायला हवा होता. म्हणजे फक्त कूलरपुढचा तुकडा कापायचा. म्हणजे मला.

उसाच्या बैलगाडीवर बीडकडची एक ऊसतोड करणारी बाई बसली होती. तिच्याकडं मी कोयता मागितला. तिनं फोटो बघितला, मग मला बघितलं.

"ह्यो तुमीच हाव का?"

"मीच."

"मंग कापायलाव कशाला?"

मी गॉगलपासून सुरुवात केली. केस, डोंगर आणि फोटोखालची 'गिअरबॉक्स स्पेशालिस्ट' ही अक्षरं, सगळं चौकोनात काढून घेतलं. पलीकडं कूलरची जाळी दिसली, धुळीचा कणही नसलेली, कारण तिला वारा फारसा लागलाच नव्हता. पंख्यानं त्या भोकातून वारा ओढायला सुरुवात केली तशी फ्लेक्सची कड आत थरथरायला लागली. एकशे वीस. एकशे दहा. दहा-बारा मिनिटांत पंच्याण्णव. जमलेल्या मंडळींनी याचं श्रेय मिरच्यांना दिलं, कारण त्या नेमक्या तेव्हाच येऊन पोचल्या होत्या.

रांग सुटली. दोनेक किलोमीटरवर बंडा सापडला. तो रस्त्याकडेला एका झाडाखाली उभा होता आणि तोंडानं इंजिन नुसतं सुरू ठेवून होता, कारण आवाज थांबला की गुलछडी ट्रॅक्टरांकडं बघायला लागायची. त्याचा घसा पार बसला होता. गुलछडीला ट्रॉलीत चढवलं, पंखे लावले, खालचा गिअर धरून ठेवला आणि पावणेचारला गारगोटीत पोचलो. आकडा शेवटपर्यंत शंभरच्या आत.

आबा दारातच होते. पण आमच्या आधी बंडाचे व्हिडिओ तिथं पोचले होते. आबांनी जावयाकडं डोळे भरून बघितलं. "चालवत आणलीस म्हणं म्हशीला. तोंडानं फटफटी करत." बंडानं मान डोलावली, बोलता येत नव्हतंच. आबांनी आपला पटका काढून जावयाच्या डोक्यावर ठेवला. मग ते फ्लेक्सकडं वळले. स्वतःचा फोटो नीट बघून झाल्यावर त्यांना भोक दिसलं.

"ह्ये काय?"

"तितं... मिस्त्री हुतं," बंडा कसाबसा पुटपुटला.

आबांनी पटका नसलेल्या डोक्यावरून हात फिरवला. "अरारा. कधी गेलं?"

मी त्यांच्या मागंच उभा होतो.

पळण्याच्या शर्यतीत गुलछडीचा नंबर आला नाही. मेव्हण्यानं फटफट चालू केली, बंडा वर बसला, पण गुलछडी फटफटीकडं न बघता बंडाच्या तोंडाकडं बघत उभी राहिली. ते काही वाजेना. सजावटीत मात्र तिला दुसरा नंबर मिळाला. बंडाला त्याचं काही वाटलं नाही, डोक्यावरचा पटका त्यानं जेवतानाही काढला नाही. पिकअपही विकली नाही आणि माझ्या नावावर काळा रंगही मारला नाही.

परत येताना मला मात्र करमेना. पोरीनं पंधरा दिवस आधी नुसत्या आकड्यांवरून बरोबर जागी बोट ठेवलं होतं. तिचं ऐकलं असतं तर बंडाचा घसा वाचला असता. मला फॉल्ट दिसला नाही, कारण फॉल्टच्या जागी माझाच फोटो होता आणि तो मला फार आवडला होता. हे मी घरी जाऊन तिला जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "असू दे की, अब्बा. फोटो खरंच चांगला होता." मला त्यापेक्षा ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.

दिवाळी झाल्यावर मी पेंटरला बोलावून घेतलं. आता पाटीवर मोठ्या अक्षरात 'रेश्मा मुल्लाणी, गिअरबॉक्स स्पेशालिस्ट' असं आहे आणि खाली लहान अक्षरात माझं नाव. कापलेला चौकोन मी घरी आणला होता. तो हातात घेऊन पेंटरनं विचारलं, "मामा, फोटो लई भारी हाय. पाटीवर कुठं बसवू?"

मी तोंड उघडायच्या आत गाडीखालून रेश्माचा आवाज आला.

"कुठंबी बसवा. फकस्त वाऱ्याच्या वाटंवर नको."